न मिळालेले पाच दिवस

२०२५ च्या मे महिन्यात पोप लिओ चौदावे निवडून आले आणि सज्जात उभे राहून म्हणाले, "मी संत ऑगस्टीनचा पुत्र आहे." तेव्हापासून या सदराकडे ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती बिशप आणि लेखकाविषयी पत्रं येत राहिली आहेत. बरीचशी श्रद्धेनं लिहिलेली, एक रागानं. ३१ वर्षं मी कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतरच्या माझ्या दुपारी याच माणसाची पत्रं आणि प्रवचनं वाचण्यात जातात, म्हणून संपादकांनी ती सगळी पत्रं माझ्याकडे धाडली. या वेळचं सदर त्यालाच देते आहे.

बाई, संत ऑगस्टीन मोठे तत्त्वज्ञ होते असं आम्हाला शिकवलं. पण बिशप म्हणून ते दिवसभर करायचे काय? आणि त्यांना बिशप व्हायचं होतं का?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, नाशिक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नव्हतं व्हायचं. मिलानमध्ये वक्तृत्वाचा सरकारी प्राध्यापक होता, ती नोकरी सोडून ३८८ साली तो आफ्रिकेत आपल्या गावी, थागास्तेला परतला. चार मित्रांबरोबर प्रार्थना करावी, वाचावं, लिहावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्या काळी चर्चमधली गर्दी एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाला धरून त्याला धर्मगुरू करून टाकत असे, म्हणून ज्या गावात बिशपची जागा रिकामी असेल त्या गावाला तो फिरकतच नसे. आफ्रिकेतल्याच समुद्रकाठच्या हिप्पो गावाला बिशप होता, व्हॅलेरियस नावाचा म्हातारा. त्यामुळे ३९१ साली तो निर्धास्तपणे तिथे गेला. व्हॅलेरियसची मातृभाषा ग्रीक, लॅटिनमध्ये प्रवचन करताना त्याची ओढाताण व्हायची. त्यानं प्रवचनात नुसतं म्हटलं की मला मदतीला धर्मगुरू हवा आहे, आणि लोकांनी ऑगस्टीनला धरून पुढे नेलं. तो रडायला लागला. बघणाऱ्यांतले काही त्याची समजूत घालू लागले की धर्मगुरूपद लहान वाटत असेल, पण बिशपपदही फार लांब नाही! तो कशासाठी रडत होता हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. पुढे चार-पाच वर्षांत तो बिशप झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे ४३० पर्यंत, हिप्पोतच राहिला.

आता दिवसभराचं. भांडणं ऐकायचा. सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत, आणि कधीकधी उपाशीपोटी दिवस मावळेपर्यंत. हे पोसिदियसनं लिहून ठेवलंय. तो ऑगस्टीनच्या सहवासात जवळजवळ ४० वर्षं होता, पुढे कालामा गावचा बिशप झाला, आणि त्यानं ऑगस्टीनचं छोटंसं चरित्र लिहिलं. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळापासून बिशपला दिवाणी तंटे सोडवण्याचा अधिकार होता. सरकारी दरबारात जायचं तर वकील आला, खर्च आला, हेलपाटे आले. बिशपच्या दारात पैसा लागत नसे. मग जमिनीचा वाद, वारशाचा वाद, देण्याघेण्याचा वाद, सगळं त्याच्यापुढे येई, आणि आणणारे सगळे ख्रिस्तीच असत असंही नाही. तो म्हणे, मित्रांपेक्षा अनोळखी माणसांचा निवाडा करणं बरं. अनोळखी दोघांपैकी ज्याच्या बाजूनं निकाल जाईल तो मित्र होतो. मित्रांपैकी ज्याच्या विरुद्ध जाईल तो तुटतो.

हे काम त्याला आवडत नव्हतं, आणि त्यानं ते लपवलंही नाही. मठवासीयांच्या श्रमाविषयी लिहिताना त्यानं सरळ सांगून टाकलंय की रोज ठरावीक तास हातानं कष्ट करावे आणि उरलेला वेळ वाचन-प्रार्थनेला मिळावा, हे मला दुसऱ्यांच्या भानगडींच्या गुंत्यात बसण्यापेक्षा किती तरी जास्त आवडलं असतं. आवडलं असतं म्हणाला, आणि उठून पुन्हा त्याच गुंत्यात जाऊन बसला.

आता तुला एक प्रसंग सांगते. ४२६ सालच्या २६ सप्टेंबरला हिप्पोच्या चर्चमध्ये सभा झाली. ऑगस्टीन तेव्हा ७१ वर्षांचा. आपल्यामागे इराक्लियस या तरुण धर्मगुरूला बिशप करावं, हे त्याला लोकांसमोर ठरवून घ्यायचं होतं. लघुलेखक बसले होते. त्यांनी प्रत्येक शब्द टिपला, लोकांच्या घोषणासुद्धा मोजल्या. 'देवाचे आभार, ख्रिस्ताची स्तुती', हे २३ वेळा. 'ख्रिस्ता, ऐक, ऑगस्टीनला आयुष्य दे', हे १६ वेळा. 'तूच पिता, तूच बिशप', हे ८ वेळा. हा कागद आजही उपलब्ध आहे, आणि तो वाचताना त्या सभागृहातला दणदणाट माझ्या कानात घुमतो.

घोषणा थांबल्यावर तो आपल्या मनातलं बोलला. धर्मसभेनं मला पवित्र शास्त्रावरचं काम नेमून दिलं होतं. त्यासाठी आठवड्यातले पाच दिवस मला कुणी त्रास द्यायचा नाही, असं तुमचं-माझं ठरलं होतं. त्याची नोंद झाली, तुम्ही ओरडून होकार दिलात. थोडे दिवस पाळलंत. मग जोरानं माझ्यावर चालून आलात. दुपारच्या आधी आणि दुपारनंतर मी लोकांच्याच कामांत गुंतलेला असतो. आता तरी इराक्लियसकडे जा.

जगातले सगळ्यात जास्त वाचले गेलेले जे थोडे लेखक आहेत त्यांतला हा एक. ४२७ साली त्यानं आपलीच पुस्तकं पुन्हा तपासायला घेतली तेव्हा ९३ ग्रंथ भरले. पत्रं आणि प्रवचनं त्यात धरलेली नाहीत. आणि तो माणूस गावकऱ्यांकडे हात जोडून पाच दिवस मागत होता.

आणखी दोन गोष्टी सांगते, कारण त्याशिवाय तुला त्याचं घर दिसणार नाही. तो आपल्या धर्मगुरूंबरोबर एकाच घरात राही, सगळ्यांचं सगळं सामाईक. जेवणात भाजी आणि डाळी-कडधान्यं, पाहुणा किंवा आजारी माणूस असेल तर मांस, वाईन मात्र नेहमी. चमचे चांदीचे, बाकी भांडी माती, लाकूड किंवा संगमरवराची. टेबलावर दोन ओळी लिहिलेल्या होत्या. गैरहजर माणसाचं आयुष्य शब्दांनी कुरतडण्याची ज्याला हौस आहे, त्यानं हे टेबल आपलं नाही असं समजावं. एकदा त्याचे मित्र असलेले बिशपच जेवताना कुणाबद्दल तरी बोलू लागले. तो म्हणाला, एक तर या ओळी पुसून टाका, नाही तर मी जेवणावरून उठतो. पोसिदियस स्वतः तिथे होता.

आणि कुणाचं लग्न जमवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. पुढे नवरा-बायकोचं बिनसलं तर दोघं मिळून मध्यस्थाला शिव्या देतात, हे त्याचं कारण. आपल्याकडे स्थळं सुचवणाऱ्या कुणालाही विचार, पटेल.

ते आफ्रिकन होते म्हणजे नक्की कुठले? युरोपातल्या चित्रांत तर गोरेपान दिसतात.
— वाचक, पुणे

आजच्या अल्जीरियातले. जन्मगाव थागास्ते म्हणजे आजचं सूक अहरास, आणि हिप्पो म्हणजे समुद्रकाठचं अन्नाबा. जन्म १३ नोव्हेंबर ३५४. वडील पॅट्रिशियस, गावच्या नगरसभेतले, मान मोठा आणि पैसा बेताचा. मुलाच्या शिक्षणाला पैसे पुरेनात म्हणून सोळाव्या वर्षी त्याला शाळा सोडून घरी बसावं लागलं होतं. आईचं नाव मोनिका, आणि बरेच अभ्यासक तिचं नाव तिथल्या मूळच्या बर्बर लोकांतलं मानतात. रंगाविषयी त्यानं काही लिहिलेलं नाही आणि युरोपातली चित्रं काढणाऱ्यांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. भाषेबद्दल मात्र पुरावा आहे. तो लॅटिन बोले-लिहीत असे, पण हिप्पोच्या आसपासच्या खेड्यांत प्युनिक भाषा चाले. एकदा प्रवचनात त्यानं प्युनिक म्हण सांगितली, आणि तुम्हा सगळ्यांना प्युनिक येत नाही म्हणून लॅटिनमध्ये सांगतो, असं म्हणून सांगितली : रोगराई एक नाणं मागायला आली तर दोन दे, आणि जाऊ दे तिला.

बाय, आमच्या चर्चमध्ये २७ ऑगस्टला संत मोनिकाची मिस्सा असते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाची. मुलासाठी रडणारी आई म्हणून आम्ही तिच्याकडे विनवणी करतो. पण ज्या बाईपासून ऑगस्टीनला मूल झालं, तिचं पुढे काय झालं? तिचं नाव कुणी घेत नाही.
— एक आजी, वसई

आजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी आईसुद्धा संध्याकाळच्या प्रार्थनेत मोनिकाचं नाव घ्यायची, आणि मला हा प्रश्न चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता.

तिचं नाव त्यानंच लिहिलेलं नाही. आफ्रिकेतल्याच कार्थेज या मोठ्या शहरात शिकत असताना, सतरा-अठरा वर्षांचा असताना, ती त्याच्या आयुष्यात आली. ती सुमारे १५ वर्षं त्याच्याबरोबर राहिली, आफ्रिकेतून रोमला, रोमहून मिलानला गेली. मुलाचं नाव त्यांनी अदेओदातुस ठेवलं, म्हणजे देवानं दिलेला. मिलानमध्ये ऑगस्टीनची भरभराट होऊ लागली तेव्हा मोनिकानं त्याच्यासाठी चांगल्या घरची मुलगी पाहिली. मुलीचं लग्नाचं वय व्हायला दोन वर्षं होती. पण लग्न ठरलं म्हटल्यावर या बाईला बाजूला व्हावं लागलं. ती एकटी आफ्रिकेला परत गेली. जाताना शपथ घेऊन गेली की दुसऱ्या पुरुषाकडे जाणार नाही. मुलगा बापाजवळ राहिला. ऑगस्टीननं लिहिलंय की माझं काळीज जिथे तिला चिकटलं होतं तिथून ते फाटलं आणि रक्ताळत राहिलं. आणि तरी दोन वर्षं थांबवलं नाही म्हणून त्यानं दरम्यान दुसरी बाई ठेवली. तेही त्यानंच लिहिलंय. ते लग्न शेवटी झालंच नाही. ३८६ च्या उन्हाळ्यात त्याचं मन बदललं आणि ३८७ च्या ईस्टरच्या रात्री मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, दिला. बापाबरोबर त्याच रात्री पंधरा वर्षांच्या अदेओदातुसलाही दिला. तो मुलगा पुढे लवकरच वारला. त्या बाईला हे कुणी कळवलं का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तुम्ही विनवणीत तिलाही घ्या, आजी. मी घेते.

मोनिकाला मात्र मी दोष देऊ शकत नाही. या मुलानं तिला कार्थेजच्या बंदरावर फसवलं होतं. मित्राला निरोप द्यायला आलोय म्हणून सांगितलं, ती संत सिप्रियानच्या देवळात रात्रभर प्रार्थना करत बसली, आणि हा जहाजात बसून रोमला निघून गेला. तरी ती मागोमाग समुद्र ओलांडून मिलानला पोचली. तिथे तिनं काय केलं पाहा. आफ्रिकेत हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, भाकरी आणि वाईन नेण्याची रीत होती. तिनं मिलानमध्येही टोपली भरून नेली, तर दारवानानं अडवलं, बिशपनं मनाई केली आहे म्हणून. तिनं एका शब्दानं वाद न घालता टोपली परत आणली. आपल्या आजी-पणजीच्या रिती किती जीव लावून पाळलेल्या असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

परतीच्या वाटेवर, रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात, ती तापानं गेली. वय ५६. आधी तिला आपल्या गावी नवऱ्याशेजारी पुरलं जावं अशी फार इच्छा होती, पण शेवटी म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तिनं प्राण सोडला तेव्हा अदेओदातुस हंबरडा फोडून रडला आणि मोठ्यांनी त्याला गप्प केलं. ऑगस्टीन रडला नाही. दफनाच्या वेळीही नाही. आंघोळीनं दुःख उतरतं असं ऐकलं होतं म्हणून तो स्नानगृहात गेला, उतरलं नाही. मग झोपला. उठल्यावर अँब्रोजनं रचलेलं संध्याकाळचं एक स्तोत्र आठवलं, आणि तेव्हा कुठे तो एकटा असताना रडला.

१९४५ साली ऑस्तियात मुलं खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती, तेव्हा संगमरवराचा एक तुकडा निघाला. त्यावर मोनिकाच्या कबरीवरचा लेख होता.

ऑगस्टीननं धर्मात सक्तीचं समर्थन केलं. शिक्षा, दंड, सरकारी बळ वापरून लोकांना आपल्या चर्चमध्ये आणलं. तुम्ही मंडळी ही बाजू नेहमी झाकता.
— वाचक, अकोला

झाकत नाही. तुमचं म्हणणं खरं आहे, आणि त्याच्यावर माझं इतकं प्रेम असून मला हे सांगताना त्रास होतो.

३०३ साली सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. शास्त्राच्या प्रती जमा करा, असा हुकूम होता. काही धर्मगुरूंनी भीतीनं त्या दिल्या. छळ संपल्यावर आफ्रिकेतल्या एका मोठ्या गटानं म्हटलं की ज्यांनी ग्रंथ दिले त्यांच्या हातचे संस्कार आम्हाला चालत नाहीत. हे डोनाटिस्ट. ऑगस्टीनच्या काळात गावोगाव दोन चर्चेस होती, दोन बिशप होते. हिप्पोत तो येण्याआधी डोनाटिस्टांचं इतकं वर्चस्व होतं की त्यांच्या बिशपनं भट्टीवाल्यांना कॅथलिकांसाठी पाव भाजायला बंदी केली होती. त्यांच्यातल्या दंगेखोर टोळ्या कॅथलिक धर्मगुरूंना मारत. ऑगस्टीनसाठीही एकदा दबा धरून बसले होते. त्याचा वाटाड्या रस्ता चुकला म्हणून तो वाचला.

सुरुवातीला त्याचं मत स्वच्छ होतं : कुणालाही जबरदस्तीनं आणू नये, वाद घालून पटवावं. ४०५ मध्ये सम्राट होनोरियसनं डोनाटिस्टांविरुद्ध हुकूम काढला. माणसं भीतीनं इकडे येऊ लागली. त्याच्या स्वतःच्या थागास्तेतही पूर्वी असंच झालं होतं. आणि त्याचं मत पालटलं. ४०८ च्या सुमाराच्या एका पत्रात तो कारण देतो की भीतीनं आलेले पुढे मनापासून राहिले. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यातलं 'त्यांना आत येण्यास भाग पाड' हे वाक्य त्यानं उचललं आणि सरकारी सक्तीला जोडलं. ४११ च्या जूनमध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे पाचशेहून जास्त बिशप समोरासमोर बसले. सम्राटाचा अधिकारी मार्सेलिनस यानं निकाल कॅथलिकांच्या बाजूनं दिला आणि डोनाटिस्टांची चर्चेस, मालमत्ता गेली.

त्यानं मर्यादा घातली होती. एका कॅथलिक धर्मगुरूचा खून करणाऱ्या आणि दुसऱ्याला अपंग करणाऱ्या डोनाटिस्टांना देहदंड देऊ नका, म्हणून त्यानंच मार्सेलिनसला विनवून लिहिलं. पण दार उघडून दिल्यावर त्यातून कोण आत येतं हे उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. १६८५ मध्ये फ्रान्समध्ये प्रोटेस्टंटांवर सक्ती झाली तेव्हा त्याचीच ती पत्रं नव्यानं छापली गेली. या एका बाबतीत त्याचं तरुणपणीचं मत बरोबर होतं आणि म्हातारपणीचं चूक होतं, असं मी वर्गातही सांगत आले.

त्या काळी गुलाम विकले जात. बिशपनी त्याविरुद्ध काही केलं का?
— शिक्षक, सोलापूर

गुलामी बंद करा, असं ऑगस्टीन म्हणाला नाही. गुलामी हे पापाचं फळ आहे, ती मूळ निसर्गात नाही, एवढंच त्याच्या 'ईश्वराची नगरी' या ग्रंथात आहे. व्यवस्था मोडायची भाषा त्यात नाही.

पण एक पत्र आहे. ते १५०० वर्षं कुणाला माहीत नव्हतं. ऑस्ट्रियाचे योहानेस दिव्याक यांना जुन्या हस्तलिखितांत त्याची अज्ञात पत्रं सापडली आणि १९८१ साली ती छापून आली. आयुष्याच्या शेवटच्या दशकात त्यानं आपला जुना मित्र अलिपियस याला हे पत्र लिहिलं. आशिया मायनरमधल्या गलातियाचे व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वतंत्र माणसं विकत घेत होते. टोळ्या रात्री आडगावांवर पडत, माणसं उचलत आणि बंदरावर आणून विकत. हिप्पोतलीच एक बाई सरपण घ्यायच्या बहाण्यानं डोंगरातल्या बायकांना बोलावून, कोंडून, मारून विकत असल्याचंही त्यात आहे.

एकदा असं जहाज हिप्पोला लागलं. ऑगस्टीन गावात नव्हता. चर्चमधल्या माणसांनीच जाऊन जवळपास १२० जणांना सोडवलं, काही जहाजातून, काही जिथे लपवून ठेवले होते तिथून. त्यांतली जेमतेम पाच-सहाच आई-वडिलांनी विकलेली निघाली. ऑगस्टीननं त्यांतल्या एका मुलीला विचारलं, तुला कशी विकली? म्हणाली, घरातून उचललं. एकटीच होतीस का? नाही, आई-वडील, भाऊ सगळे होते. ती लहान होती, पुढे तिला सांगता येईना. तिला न्यायला आलेल्या भावानं मग सगळं सांगितलं, दरोडेखोर रात्री कसे येतात ते.

बिशप त्या मुलीसमोर बसून एकेक प्रश्न विचारतो आहे आणि उत्तर टिपून मित्राला कळवतो आहे, हे दृश्य मला त्याच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा जवळचं वाटतं. व्यापाऱ्यांच्या पाठीशी बडी माणसं होती, ती सोडवलेल्यांना परत मागत होती. कायद्यात या गुन्ह्याला शिसं लावलेल्या चाबकाचे फटके होते. ते बसले तर माणूस मरेल, म्हणून ऑगस्टीन त्यालाही कचरत होता. कैदी सोडवायला पैसे नसत तेव्हा त्यानं चर्चची चांदीची भांडी वितळवली, हे पोसिदियस सांगतो.

जुन्या गोव्यातला तो अर्धा उभा मनोरा संत ऑगस्टीनचाच ना?
— वाचक, म्हापसा

हो, त्याच्या नावानं चालणाऱ्या संघाचा. हे मठवासी १५७२ मध्ये गोव्यात आले. चर्च ग्रेसच्या मातेचं. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग. उरला तो ४६ मीटरचा मनोऱ्याचा अर्धा भाग. ऑगस्टीन स्वतः आफ्रिका आणि इटली सोडून कुठेच गेला नव्हता.

ऑगस्टीनचे कपडे, अंगठी, काही वस्तू उरल्या आहेत का? आणि त्यांचा शेवट कसा झाला?
— परिचारिका, ठाणे

वस्तूंपैकी एका सदऱ्याची गोष्ट सांगता येते. कार्थेजमध्ये सापिदा नावाची एक व्रतस्थ बाई होती. भाऊ तिमोथी तिथल्याच चर्चमध्ये सेवक. तिनं त्याच्यासाठी स्वतःच्या हातांनी अंगरखा विणला, आणि तो अंगात घालण्याआधीच भाऊ गेला. तिनं तो ऑगस्टीनला पाठवला : तुम्ही घातलात तर मला थोडं बरं वाटेल. इतर वेळी तो लोकांना बजावत असे, मला भारी झगा देऊ नका, मी विकून टाकेन आणि पैसे सगळ्यांत वाटेन, गरीब आईबापाच्या पोटी जन्मलेल्या माझ्यासारख्याला तो शोभत नाही. हा अंगरखा त्यानं ठेवून घेतला. सापिदाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की हे लिहायच्या आधीच मी तो घालायला लागलोय.

शेवट असा. ४२९ मध्ये गैसेरिकच्या नेतृत्वाखाली व्हँडल या जर्मानिक टोळीचे लोक स्पेनमधून समुद्र ओलांडून आफ्रिकेत आले. गावं जळाली, धर्मगुरू पळू लागले. होनोरातुस नावाच्या एका बिशपनं विचारलं, आम्ही पळावं का? ऑगस्टीननं लांबलचक उत्तर लिहिलं. जिथे लोक मागे उरलेत तिथे त्यांचा सेवक उठून जाऊ शकत नाही. त्याचं म्हणणं साधं होतं : संकट जवळ आलं की स्नानसंस्कार मागायला, पापक्षमा मागायला, नुसता धीर मागायला सगळी माणसं चर्चकडे धावतात, आणि तेव्हाच तिथे कुणी नसेल तर?

४३० च्या उन्हाळ्यात हिप्पोला वेढा पडला. आसपासचे बिशप आश्रयाला गावात आले, पोसिदियसही त्यांत होता. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीनला ताप आला. तुम्ही परिचारिका आहात, रुग्णाची खोली तुम्हाला माहीत असते. ती अशी होती : त्यानं दावीदाची पश्चात्तापाची मोजकी स्तोत्रं पानांवर लिहून घेतली होती आणि पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली होती. पडल्या पडल्या ती वाचायचा आणि रडायचा. आणि त्यानं विनंती केली की वैद्य येईल तेव्हा आणि जेवण येईल तेव्हा, एवढ्या दोन वेळा सोडून कुणी आत येऊ नका.

या वेळी लोकांनी त्याचं ऐकलं. दहा दिवस कुणी आत गेलं नाही. २८ ऑगस्टला तो गेला. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, कारण ठेवायला काही नव्हतं. फक्त चर्चची पुस्तकं नीट सांभाळा, असं तो सांगत आला होता. वेढा जवळपास १४ महिने चालला, पुढे गाव सोडून लोक गेले, आग लागली. पुस्तकं वाचली.